जिनिव्हाला न जाता जिनिव्हात बोलायचं कसं? आंतरराष्ट्रीय बैठकांतल्या ऑनलाइन सहभागाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात किंवा एखाद्या संस्थेच्या शिबिरात या विषयावर बोललं की शेवटी तेच ते प्रश्न येतात. कोणी चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारतं, कोणी रात्री व्हॉट्सॲपवर. सगळी उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. मी गेली काही वर्षं इंटरनेटच्या धोरणाशी संबंधित बैठकांना बसतो, आणि बहुतेक वेळा घरातल्या जेवणाच्या टेबलावरून. त्यामुळे उदाहरणं जास्त त्याच क्षेत्रातली आहेत. शिवाय बाहेरच्या माणसासाठी सगळ्यात उघडी दारंही तिथेच आहेत.

या बैठका म्हणजे नेमक्या कोणत्या? आणि माझा त्यांच्याशी संबंध काय?

संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा असतो. हळदीचं घ्या. सांगली, हिंगोली, नांदेडच्या हळदीला परदेशात कोणती प्रत मिळावी, तिच्यात ओलावा किती चालेल, असे निकष कोडेक्स नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत ठरतात. तिच्या मसाल्यांच्या समितीचं यजमानपद भारताकडे आहे. २०२४ च्या सुरुवातीला कोचीला झालेल्या तिच्या सातव्या बैठकीत हळदीसह पाच मसाल्यांच्या निकषांचा मसुदा पक्का झाला. हळद पिकवणाऱ्यांपैकी किती जणांना ही बैठक ठाऊक होती, हा प्रश्न मी दर व्याख्यानात विचारतो. हात वर होत नाहीत.

इंटरनेटच्या बाबतीत चार नावं सारखी येतात. इंटरनेट गव्हर्नन्स फोरम, म्हणजे आयजीएफ, हे संयुक्त राष्ट्रांचं चर्चेचं व्यासपीठ. २००५ च्या ट्युनिस परिषदेतून ते निघालं आणि २००६ मध्ये अथेन्सला पहिल्यांदा भरलं. आयकॅन डोमेन नावांची, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांची, व्यवस्था बघते. आयईटीएफमध्ये इंटरनेट चालवणारे तांत्रिक नियम लिहिले जातात. आयटीयू ही १८६५ सालची जुनी दूरसंचार संघटना. याशिवाय हवामान परिषदा, मानवी हक्क परिषद, जागतिक व्यापार संघटना वगैरे आहेतच.

ऑनलाइन सहभाग म्हणजे यूट्यूबवर बैठक बघणं ना?

नाही. बघणं म्हणजे बघणं. लग्नाचं थेट प्रक्षेपण बघितलं म्हणून कोणी पंगतीला बसत नाही.

तुमचं म्हणणं बैठकीत मांडलं गेलं, त्याची नोंद झाली आणि त्यावर कोणाला तरी उत्तर द्यावं लागलं, तर तो सहभाग. मग तुम्ही माइकवरून बोललात, चॅटमध्ये लिहिलंत की आठवडाभर आधी मेल पाठवलीत, याने फरक पडत नाही. खरं सांगायचं तर लिहून पाठवलेलं जास्त टिकतं. पण तोंडाने बोलण्याचं आकर्षण आपल्याकडे फार.

हे सगळं करोनामुळे सुरू झालं का?

करोनामुळे ते सगळ्यांना दिसलं. सुरू बरंच आधी झालं होतं.

मार्च १९९२ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला आयईटीएफची तेविसावी बैठक भरली. तिचा आवाज इंटरनेटवरून तीन खंडांतल्या वीस ठिकाणी पोचवण्यात आला. त्या वेळी आपल्याकडे घरी साधा फोन यायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, हे लक्षात घेतलं की या प्रयोगाचं वजन कळतं.

आपल्या दृष्टीने जास्त लक्षात ठेवण्यासारखी बैठक म्हणजे आयजीएफची तिसरी. ती ३ ते ६ डिसेंबर २००८ ला हैदराबादला झाली. विषय होता ‘सगळ्यांसाठी इंटरनेट’. तारीख पुन्हा बघा. मुंबईवरचा हल्ला २६ नोव्हेंबरला झाला, २९ ला संपला, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी ही परिषद सुरू झाली. भारतात यायचं की नाही, असा प्रश्न बऱ्याच परदेशी पाहुण्यांपुढे उभा राहिला आणि काहींनी बेत रद्दही केला. दूर बसून भाग घेण्याची सोय तोवर गरिबांसाठी केलेली मेहेरबानी मानली जायची. ज्याला विमानाचं तिकीट सहज परवडतं, त्यालाही ती एक दिवस लागू शकते, हे तेव्हा उघड झालं. त्याच वर्षी वेगवेगळ्या देशांत लोकांनी एकत्र बसून हैदराबादच्या चर्चेत भाग घेतला. त्याला ‘रिमोट हब’ म्हणू लागले. त्याबद्दल पुढे सांगतो.

मग आलं २०२०. आयकॅनची मार्चमधली बैठक मेक्सिकोत कॅनकूनला व्हायची होती, आयईटीएफची कॅनडात व्हँकूव्हरला. दोन्ही पूर्णपणे ऑनलाइन झाल्या. आयजीएफ पोलंडमधल्या कातोवित्सेला ठरला होता, तोही त्या वर्षी नोव्हेंबरात पडद्यावरच झाला. कातोवित्सेला माणसं जमली ती २०२१ च्या डिसेंबरात, आणि तेव्हाही अर्धी खोलीत, अर्धी पडद्यावर.

मी साधा माणूस. मला तिथे कोण बोलू देणार?

कुठे, त्यावर अवलंबून आहे.

आयजीएफला कोणीही नाव नोंदवू शकतं. फी नाही, पदवी लागत नाही, कोणाचं शिफारसपत्र लागत नाही. आयकॅनच्या वर्षातून तीनदा होणाऱ्या बैठकांचंही तसंच. आयईटीएफमध्ये खरं काम मेलवर चालतं आणि त्या मेलमध्ये कोणीही फुकट सामील होऊ शकतं. बैठकीला ऑनलाइन बसायला मात्र तिथे फी आहे. ती परवडत नसेल तर माफीचा अर्ज असतो. तो भरायला लाजू नका, तो त्यासाठीच ठेवलाय.

जिथे देशांचं राज्य आहे तिथलं वेगळं. कोडेक्समध्ये बोलायचं तर भारताच्या शिष्टमंडळातून, म्हणजे आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणामार्फत. हवामान परिषदेत निरीक्षक म्हणून मान्यता मिळालेल्या संस्थेने तुमचं नाव द्यावं लागतं. मानवी हक्क परिषदेत संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा लागतो. जागतिक व्यापार संघटनेच्या वाटाघाटीत तुम्ही-आम्ही नाहीच. तिथे आपला रस्ता दिल्लीवरून जातो.

मराठीत बोलता येईल का?

संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली, तरी या यादीत ती नाही. हिंदीसुद्धा नाही. ही यादी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या राजकारणातून आली आणि अरबी तिच्यात १९७३ साली शिरली. लोकसंख्येचा हिशोब करून ती बनवलेलीच नाही.

तेव्हा व्यवहारात इंग्रजी. पण कसलं इंग्रजी, ते समजून घ्या. या खोल्यांत बसलेल्यांपैकी बहुतेकांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा असते. ब्राझीलचा माणूस, केनियाची बाई, जपानी अधिकारी, सगळे अडखळत बोलतात आणि कोणी हसत नाही. हसायची सवय आपल्याकडे आहे, आणि आपल्या मुलामुलींची जीभ अडते ती त्याच भीतीने. तीन छोटी वाक्यं लिहून घ्या. पहिल्यात तुम्ही कोण आणि कुठले, दुसऱ्यात अडचण, तिसऱ्यात नेमकी मागणी. ती सावकाश वाचा. ‘आदरणीय अध्यक्ष महोदय आणि व्यासपीठावरील मान्यवर’ करत बसलात तर बोलायला मिळालेली दोन मिनिटं त्यातच संपतील.

बोललेलं पडद्यावर लगेच अक्षरांत उमटण्याची सोय बहुतेक बैठकांत असते. ज्याचे कान इंग्रजीला सरावलेले नाहीत पण वाचता येतं, त्याला ती मोठा आधार. नावांचं मात्र काय वाटेल ते होतं. कऱ्हाडचं ‘क्रॅब हार्ड’ झालेलं मी स्वतः पाहिलंय.

मग मराठीसाठी यातून कधी काही निघालंय का?

निघालंय, आणि ते उदाहरण मला फार आवडतं.

डोमेन नाव देवनागरीत लिहिता यावं म्हणून २०१४ मध्ये आपल्याकडे ‘.भारत’ सुरू झालं. हिंदीबरोबर मराठी, कोकणी, नेपाळी, मैथिली अशा देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांना ते चालतं. पण देशाचं एक डोमेन आणि साऱ्या जगाच्या डोमेनांची वरची यादी, म्हणजे पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर काय येऊ शकतं त्याची यादी, यात फरक आहे. त्या यादीत देवनागरीतली कोणती अक्षरं, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या जोड्यांत चालतील याची नियमावली लागते. ती करायला आयकॅनच्या छत्राखाली एक गट बसला. देवनागरीसह बंगाली, गुजराती, गुरुमुखी, कन्नड, मल्याळम, ओडिया, तमिळ, तेलुगू अशा नऊ लिप्या त्याच्याकडे होत्या.

आता मराठीचा एक हट्ट आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यास’ दक्षिणा देतात, ‘आचाऱ्यास’ स्वयंपाकाचं सांगतात. फरक फक्त त्या अर्ध्या र चा. एकात तो डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात आडवी रेघ होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. हिंदी माणसाला हा फरक डोळ्यालाही जाणवत नाही, कारण त्याच्या लिखाणात तो येतच नाही. नियमावली नुसत्या हिंदीवाल्यांनी केली असती तर ‘ऱ’ सहज गळाला असता, आणि ‘वाऱ्या’, ‘गोऱ्हा’, ‘कऱ्हाड’ ही नावं त्या यादीत नीट लिहिताच आली नसती. नियमावलीत ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या जोडाक्षरांपुरती ‘ऱ’ला जागा मिळाली.

हे काम कुठल्या झगमगीत सभागृहात झालं नाही. वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या भाषेच्या आणि संगणकाच्या माणसांनी ते मेलवर, फोनवरच्या बैठकांत, मसुद्यावर मसुदा करत रेटलं. मग मसुदा जगासमोर हरकती-सूचनांसाठी ठेवला गेला. आयकॅन अशी मुदत साधारण ४० दिवसांची देते. त्यात आलेली प्रत्येक सूचना प्रसिद्ध होते आणि तिचं काय केलं, हे सांगावं लागतं. ‘ऱ’ची बाजू सभागृहातल्या माइकवर दोन मिनिटांत कोण मांडणार होतं? ती कागदावरच मांडावी लागते, उदाहरणं देऊन.

रिमोट हब म्हणजे काय? आमच्या कॉलेजात करता येईल?

येईल, आणि मला विचाराल तर एकट्याने लॅपटॉपसमोर बसण्यापेक्षा हे दहा पटीने बरं.

एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. एक प्रोजेक्टर, एक बरा माइक, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट. आयजीएफचं सचिवालय जिनिव्हात आहे. त्याच्याकडे हबची आधी नोंदणी करायची. बैठकीतलं एखादंच सत्र निवडायचं, दिवसभराचं गुऱ्हाळ नको. सत्राआधी तासभर आपल्या भाषेत चर्चा करायची, आणि हाच हबचा खरा फायदा. तिकडे मराठी चालत नसेल, इकडे खोलीत कोण अडवतंय? आशाताईंना मोबाइलवर माहिती भरताना काय त्रास होतो, बँकेचा संदेश इंग्रजीत आला की गावात काय होतं, हे मराठीतच नीट निघतं. त्यातून एक प्रश्न पक्का करायचा आणि एकाने तो इंग्रजीत मांडायचा.

एक धोका सांगून ठेवतो. आपल्याकडे अशा कार्यक्रमाला उद्घाटन लागतं, दीपप्रज्वलन लागतं, प्राचार्यांचं मनोगत लागतं. तिकडे सत्र ठरल्या मिनिटाला सुरू होतं. शाल-श्रीफळ संपेपर्यंत प्रश्न विचारायची वेळ निघून गेलेली असते. सत्कार शेवटी ठेवा.

मी हात वर केला होता, पण मला कोणी बोलावलंच नाही. माझं काय चुकलं?

बहुतेक वेळा तुमचं काही चुकलेलं नसतं.

एकदा मी एका बैठकीत पडद्यावरचा तो पिवळा हात वर करून चाळीस मिनिटं बसलो होतो. खोलीतल्या माइकपुढे रांग लागलेली दिसत होती. एकेक जण येत होता, बोलत होता. शेवटी अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, ‘ऑनलाइन मित्रांचेही आभार’ म्हणाले आणि सत्र संपलं. त्या संस्थेचं नाव घेत नाही, कारण हे कुठेही होतं. दुष्टपणाही नव्हता त्यात. समोर दिसणाऱ्या माणसाला थांबवणं अवघड असतं, पडद्यावरच्या चिन्हाला विसरणं सोपं.

या पानावर मला एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही. कॅमेरे, इंटरनेट, सॉफ्टवेअर हे सगळं पैसे टाकून मिळतं. सहभाग मिळतो तो खोलीत तुमच्या वतीने बसलेल्या एका माणसामुळे. त्याला ऑनलाइन मॉडरेटर म्हणतात. आयजीएफमध्ये सत्राचा प्रस्ताव देतानाच असा मॉडरेटर कोण असेल ते लिहावं लागतं. तो अध्यक्षांच्या शेजारी बसला पाहिजे, तांत्रिक टेबलामागे कोपऱ्यात नाही. अध्यक्षांना मध्येच थांबवून ‘नाशिकहून एक प्रश्न आहे’ असं सांगायचा त्याला अधिकार हवा. आणि रांग एकच हवी: खोलीतला एक, पडद्यावरचा एक, पुन्हा खोलीतला. ‘आधी इथले घेऊ, वेळ उरला तर ऑनलाइन’ असं ज्या सत्रात सांगतात, तिथे वेळ कधीच उरत नाही.

तुमच्या हातात काय आहे? सत्रपत्रिकेवर मॉडरेटरचं नाव असतं. आदल्या दिवशी त्याला दोन ओळींची मेल टाका: मी अमुक, उद्या या मुद्द्यावर बोलू इच्छितो, आवाज गेला तर सोबतचा प्रश्न वाचून दाखवा. त्या माणसालाही बरं वाटतं, कारण त्याच्याकडे दाखवायला एक तरी नाव असतं. हे करायला लागल्यापासून मला वगळलं जाण्याचं प्रमाण पुष्कळ कमी झालंय.

बैठकांच्या वेळा कशा जुळवायच्या?

भारताचं घड्याळ या बाबतीत नशीबवान आहे. जिनिव्हात सकाळी दहाला बैठक सुरू झाली तर उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचा दीड, हिवाळ्यात अडीच. जेवून निवांत बसता येतं. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात किंवा रात्रीचे साडेआठ. २०२३ चा आयजीएफ जपानमध्ये क्योटोला होता. तिथले दहा म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. दूधवाला आणि उद्घाटन एकाच वेळी. खरे हाल प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या लोकांचे होतात. युरोपच्या सोयीने लावलेली बैठक त्यांच्याकडे मध्यरात्री येते, आणि समुद्राची पातळी वाढल्यावर आधी बुडणार आहेत तेच.

युरोप-अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतात आणि दोघांच्या तारखाही वेगळ्या असतात. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेळ दोनदा तपासा. मी एकदा तासभर उशिरा गेलो आणि समारोप ऐकून परत आलो.

लाईट गेली, रेंज गेली तर?

जाणारच, असं धरून चाला. कॅमेरा बंद ठेवा, नुसत्या आवाजाला फार कमी डेटा लागतो. मोबाइल चार्ज करून हॉटस्पॉट तयार ठेवा. बोलायचं ते आधीच चॅटमध्ये टाकायला लिहून ठेवा. काही बैठकांत साध्या फोनवरूनही जोडून घेता येतं, नोंदणीच्या वेळी तशी सोय आहे का ते बघा. एवढं पुरे.

हेडफोनच का लागतो? लॅपटॉपचा माइक चालत नाही का?

तुम्हाला चालतो, दुभाष्यांना चालत नाही. सहा भाषांत भाषांतर करणारी माणसं कानाला यंत्र लावून तुमचा शब्द न् शब्द पकडत असतात. हे काम इतकं थकवणारं असतं की ते जोडीने बसतात आणि साधारण अर्ध्या तासाने पाळी बदलतात. लॅपटॉपच्या माइकमधून घुमणारा, मध्येच किंचाळणारा आवाज दिवसभर ऐकून त्यांच्या कानांना इजा होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी नियमच आहे: नीट माइक नसेल तर तुमच्या बोलण्याचं भाषांतर थांबवलं जाईल. वायरचा साधा हेडफोन घ्या. पंखा बंद करा. आणि कुकर.

अंध, कर्णबधिर किंवा चालता न येणाऱ्यांना याचा कितपत उपयोग?

ज्यांना घरातून विमानतळापर्यंत जाणंच दिव्य आहे, त्यांच्यासाठी ही सोय ऐच्छिक नाही, ते एकमेव दार आहे. दूरस्थ सहभाग सगळ्यांना कसा जमेल यावर आयटीयूने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. आयजीएफमध्ये अपंगत्व आणि सुगम्यता या विषयावर काम करणारा एक कायमचा गट आहे आणि तो या गोष्टींवर सारखं टोकत असतो.

एक गोष्ट मात्र आयोजकांच्या डोक्यात येत नाही. अंध व्यक्ती पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरते. चॅटमध्ये कोणी सतत ‘नमस्कार’, ‘छान मुद्दा’, ‘पुण्याहून शुभेच्छा’ टाकत राहिलं की ते सॉफ्टवेअर प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतं, आणि त्या गलक्यात वक्त्याचं बोलणं बुडून जातं. चॅट मुद्द्यापुरती ठेवा. आपल्याला सुप्रभातची सवय आहे, कळतं मला.

सगळं ऑनलाइन केलं तर सगळे समान होतील, नाही का?

मलाही आधी असंच वाटायचं.

निर्णय टेबलावर जाहीर होतात, पण शिजतात कॉफीच्या रांगेत. कोणता शब्द कोणाला खटकतोय, कोणता देश गप्प बसेल आणि का, हे तिथे कळतं. ऑनलाइन माणसाला कॉफीची रांग नसते. सोसायटीची वार्षिक सभा ज्यांनी करोनात झूमवर घेतली, त्यांना हे सांगायला नको. सभा शांततेत पार पडली आणि पार्किंगचं जिन्यातच ठरलं.

मग जोडणीचा प्रश्न. अमेरिकी निर्बंधांमुळे काही सॉफ्टवेअर इराण, क्युबासारख्या देशांत चालत नाहीत. आपल्याच देशात ऑगस्ट २०१९ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत काश्मीरच्या बहुतेक जिल्ह्यांत वेगवान मोबाइल इंटरनेट बंद होतं. सगळं जग पडद्यावर गेलं तो काळही त्यातच येतो. तिथल्या विद्यार्थ्याला ‘लिंक पाठवली आहे’ असं सांगणं म्हणजे थट्टाच.

आणि आता एक नवी पळवाट निघाली आहे: ‘ऑनलाइन सोय आहे ना, मग प्रवासखर्च कशाला?’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं. श्रीमंत देशांची माणसं खोलीत आणि आपण पडद्यावर, अशी कायमची वाटणी झाली तर ऑनलाइन सोयीनेच आपल्याला बाहेर ठेवलं असं होईल. आयकॅनची २००७ पासूनची फेलोशिप नवख्यांना प्रत्यक्ष बैठकीला नेते. तशा योजना चालू राहिल्याच पाहिजेत, आणि सोबत ऑनलाइनही. उलटं टोकही आहे. पैशांच्या चणचणीत जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांतली दूरस्थ सोय करोनानंतर छाटली गेली, कारण नियमांत तिला पक्का आधार नव्हता. संकटात दिलेली सवलत संकट सरल्यावर काढून घेता येते.

सरकारं ऑनलाइन निर्णय घेतात का?

घेतात, पण नाखुशीने. मार्च २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेला एकत्र बसता येईना, तेव्हा मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा आणि ठरलेल्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर तो मंजूर धरायचा, अशी पद्धत काढली. मौन म्हणजे संमती. अडचण अशी की एका देशाच्या हरकतीनेही मसुदा अडकतो, आणि मतदानच नसल्याने बहुमत असूनही काही करता येत नाही.

हवामानाच्या बाबतीत २०२१ च्या मे-जूनमध्ये तीन आठवडे ऑनलाइन वाटाघाटी झाल्या, पण औपचारिक निर्णय एकही घ्यायचा नाही असं आधीच ठरलं होतं. आडमुठेपणा म्हणून त्याकडे बघू नका. ज्या देशाच्या प्रतिनिधीचं इंटरनेट ऐन मसुद्याच्या वेळी तुटतं, त्याच्या नावावर संमती लिहून टाकायची का, हा खरा प्रश्न होता. ग्रामसभेत कोरम का मोजतात, त्याच्याशी याचं नातं आहे.

सुरुवात कुठून करू?

जवळून. देशपातळीवरचा इंडिया इंटरनेट गव्हर्नन्स फोरम २०२१ पासून भरतो. इंटरनेटच्या कारभाराचे धडे देणारी एक भारतीय शाळा २०१६ पासून आहे. हैदराबादला आयकॅनची बैठक भरली त्याच सुमारास ती सुरू झाली. आशिया-पॅसिफिकचा प्रादेशिक फोरमही आहे आणि तिथे गर्दी कमी, आपली माणसं जास्त.

जुन्या सत्रांचे शब्दशः उतारे आयजीएफच्या संकेतस्थळावर असतात. व्हिडिओपेक्षा ते वाचा, तासाभराचं सत्र वीस मिनिटांत संपतं. मग एखादा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला असेल तर त्यावर एक पान लिहा. एकच मुद्दा, एकच उदाहरण, तुमच्या गावातलं. ‘ग्रामीण भागात जनजागृती झाली पाहिजे’ असलं काही लिहू नका, त्याने कोणाचं काही अडत नाही. ‘आमच्या तालुक्यात अमुक अर्ज फक्त इंग्रजीत आहे, म्हणून लोक सायबर कॅफेवाल्याला पन्नास रुपये देतात’ असं लिहा. त्याला उत्तर द्यावं लागतं.

बैठक संपल्यावर काही करायचं असतं का?

हो, आणि हे जवळजवळ कोणीच करत नाही. दोन-चार दिवसांनी उतारा प्रसिद्ध होतो. त्यात आपलं बोलणं शोधायचं. हे उतारे घाईत तयार होतात आणि त्यांत चुका असू शकतात, असं त्यांच्यावर लिहिलेलंही असतं. नाव चुकलंय का, गावाचं नाव चुकलंय का, ‘नाही’ गाळून अर्थ उलटा झालाय का, ते बघून दुरुस्तीची मेल टाकायची. अहवालाचा मसुदा आला तर त्यात आपला मुद्दा आहे का ते बघायचं, आणि नसला तर उताऱ्यातली ओळ जोडून विचारायचं. त्या ‘क्रॅब हार्ड’चं कऱ्हाड व्हायला मला तीन मेल लागल्या.